गंधाराची पत्ती

तुम्ही गेल्यावर माझ्याकडे आलेल्या तुमच्या पेटीचे स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलंय, गुरुजी, आणि गंधाराची पितळी पत्ती खिडकीच्या उजेडात धरून पाहतो आहे. मुळाशी कानशीचे ओरखडे आहेत. मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. मग हे कुणी केलं?

काल परभणीत संगीत शिक्षकांचं संमेलन होतं. पाहुण्यांनी सूर मोजणारं मोबाइलचं यंत्र पडद्यावर लावलं आणि एकेकाला गायला सांगितलं. माझा षड्ज सुईवर बसला, गंधार खाली राहिला. तीनदा. शेजारचे पिंगळीचे मास्तर म्हणाले, "सर, तुमचा गंधार मागच्या एस्टीनं यायलाय का?" सगळे हसले, मीही. मग प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायचं होतं. माइक हातात आला, तो मी तसाच पुढे दिला.

आज शाळेत हेडमास्तर म्हणाले, "उद्या परिपाठाला सांगा की, काय शिकून आलात. का नुसतं जेवून आलात?" वीस वर्षं मी पेडगावच्या पोरांना हाच गंधार देतो आहे. चुकीचा असेल, तर आता तो गावाच्या आरतीतही असणार.

तुमच्या ओसरीवर पांढरी चार सोडून दुसऱ्या पट्टीतून गायला परवानगी नसायची. एकदा तुम्ही यायच्या आत मी पांढरी पाचमधून सुरू केलं. तुम्ही येता, भाता थांबवता. मी म्हणतो, पेटी बेसूर लागायलीय. "पेटीला नावं ठेवायलास व्हय रे? आदी कान धू, मंग ये." मी खरंच रांजणापाशी जाऊन कान धुऊन येतो. तुम्ही हसत नाही. सरकून बसायला जागा देता.

तेव्हा विचारायला हवं होतं. पत्ती मुद्दाम उतरवली होती का? कशाशी जुळवून?

काल काही बोललो नाही, हे पूर्ण खरं नाही. "आमच्या गुरुजींची पेटीच खराब होती," एवढं म्हणालो आणि बसलो. हा कागद पेटीतच ठेवतो.

कागद पुन्हा बाहेर काढलाय. आज सकाळी परिपाठाला पेटी उघडली नाही. पांढरी चारचा तंबोरा लावला आणि मुलांना गप्प बसून ऐकायला सांगितलं. मग गंधार धरायला लावला. त्यांनी तुमचाच धरला. तंबोऱ्याच्या तारांतून आपोआप तोच येत होता; पत्ती तुम्ही त्याच्याशी जुळवली होती, यंत्राच्या सुईशी नाही.