शहात्तर मालकांचं तळं

स्पून लेक, विस्कॉन्सिन
३ मार्च १९७९

चि. हार्लनला, अनेक आशीर्वाद.

आणि सातवं नाव खोडून झाल्यावर काउंटीच्या कचेरीतल्या बाईंनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला आणि विचारलं, की ही माणसं राहतात तरी कुठे. मी म्हटलं, बर्फावर.

हस. तळ्याची निगा राखणारं मंडळ स्थापायचं तर काठच्या जमीनमालकांपैकी शेकडा एक्कावन्न जणांच्या सह्या लागतात. हिवाळ्यात निम्मे मालक फ्लोरिडात, घरांना कुलपं. माणसं दिसतात ती गोठलेल्या तळ्यावरच, बर्फावर मांडलेल्या झोपड्यांत भोकात गळ सोडून बसलेली. मी झोपडी-झोपडी फिरले. प्रत्येकाने बूड टेकायला जागा दिली, कॉफी दिली, सही दिली. त्यातल्या सात जणांची तळ्यावर झोपडी आहे, पण काठाला वीतभर जमीन नाही. तीस वर्षं मी त्यांना शेजारी म्हणते आहे. मला कळायला हवं होतं.

मालक सत्त्याहत्तर, सह्या हव्यात चाळीस, उरल्या एकोणचाळीस. बाकीच्यांना पत्रं घालून झाली. त्यांचं उत्तर नाहीच आहे. राहिलास तू. चार उन्हाळ्यांत फिरकला नाहीस तरी बाबांनी दिलेली खालची जागा अजून तुझ्याच नावावर आहे. कागद सोबत जोडला आहे. पेन तुझ्याकडे असेलच.

आयोनला विचारलंय म्हणून सांग. बायकोने म्हटलं तर तू करशीलही.

लोभ असू दे; नसला तर निदान सही असू दे.

तुझी ताई,
डॅग्नी


मिलवॉकी
११ मार्च १९७९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. आयोनला ठसका लागला. ज्यांचं घर दर मार्चमध्ये ट्रकवर चढवून न्यावं लागतं त्यांना तू जमीनदार केलंस. माशांच्याही सह्या घ्यायच्या होत्यास, ते बारा महिने तिथे राहतात.

सही मात्र होणार नाही. आज मंडळ पाण्यातलं गवत कापायचं यंत्र घेईल, उद्या दरवर्षी कर लावील, परवा माझ्या होडीच्या धक्क्याला कोणता रंग द्यायचा ते सांगेल. बाबा म्हणायचे, आयुष्यात तीनदाच सही केली: लग्नात, सैन्यात आणि तळ्याकाठची जागा घेताना. पैकी एकीचा पस्तावा आहे. कोणत्या, ते त्यांनी आईदेखत कधी सांगितलं नाही.

आणि तळं मेलंय, ताई. मेलेल्याला कसलं औषध देतेस?

लोभ पुष्कळ आहे. सही नाही.

तुझा,
हार्लन


स्पून लेक
१२ मे १९७९

चि. हार्लनला, आशीर्वाद.

परवा शेजारचा लेस्टर कुबियाक माझा धक्का पाण्यात उतरवायला आला होता. काम झाल्यावर त्याने सहज विचारलं, की तुझ्या जागेत खुंट्या कोण ठोकतंय. मी होडी काढली आणि बघून आले. नारिंगी फडकी लावलेल्या चौदा खुंट्या. मोजणीवाला तिथेच होता, भला माणूस. त्याने टोपी काढून सांगितलं, की इलिनॉयचे कुणी गृहस्थ जागा घेताहेत, जूनमध्ये व्यवहार आहे, आणि तोही मंडळ झालं नाही तरच.

मग तुझं कराचं प्रवचन पुन्हा वाचलं. चांगलं लिहिलं होतंस.

खुंट्या मी उपटल्या नाहीत. अडुसष्ट वय झालं म्हणून नाही. जागा तुझी म्हणून. सहीही आता मागणार नाही. पण हे मला लेस्टरकडून कळावं? त्याला तर स्वतःच्या बायकोचा वाढदिवसही मला सांगावा लागतो.

तळ्याबद्दल एकच. गेल्या ऑगस्टात मी काठावरून तीस बादल्या मेलेले मासे उचलले. गवत कापलं नाही, काठच्या घरांच्या मैल्याच्या टाक्या कुणी तपासल्या नाहीत, तर पुढच्या वर्षी उचलायलाही काही उरणार नाही. मग मी इथे सकाळी उठून कुठे बघायचं, ते मला ठाऊक नाही.

लोभ आहे. तो सहीवर कधीच नव्हता.

डॅग्नी


मिलवॉकी
२९ मे १९७९

ती. ताईस, सा. न., या खेपेला दोनदा.

उत्तर तीनदा लिहून फाडलं. जागा विकायचं ठरवलं ते कराच्या धास्तीने नाही. शेवटचा आलो तेव्हा होडी गवतात रुतली, आणि तू मांड्यांपर्यंत चिखलात उतरून ती ढकललीस. मी आत बसून होतो, या गुडघ्यांपायी. पुन्हा ते बघायची इच्छा नव्हती. तुला सांगायचा धीर झाला नाही. कराबद्दल लिहिणं सोपं.

अर्जावर सही करणार नाही म्हणालो होतो, आणि तू मला ओळखतेस. नाहीच करणार. पण मी एक हिशेब केला. मालक सत्त्याहत्तर असले तर चाळीस सह्या लागतात. शहात्तर असले तर एकोणचाळीस पुरतात. तू गणितात पहिल्यापासून कच्ची, म्हणून उत्तर सोबत पाठवतो. खालच्या जागेचं खरेदीखत आहे, तुझ्या नावे, कारण तू मालकांत आधीच मोजलेली आहेस; किंमत एक डॉलर, साक्षीदारांसकट. डॉलर लगेच पाठव.

इलिनॉयच्या गृहस्थांना कळवलं. त्यांनी फोन आपटला तो आयोनला स्वयंपाकघरात ऐकू गेला. हातचे पैसे गेले म्हणून तेव्हापासून दोन्ही वेळा उकडलेले बटाटे आहेत.

राग गेला असला तर लोभ कळव.

तुझा,
हार्लन


स्पून लेक
३१ मे १९७९

चि. हार्लनला, आशीर्वाद, आणि आयोनला दुप्पट.

खत पोचलं. डॉलर सोबत आहे. मळका आहे, चालवून घे. तुझा हिशेब लेस्टरकडून तपासून घेतला. त्याला एक तास लागला, पण जमला.

चिखलात उतरल्याचं मला काही वाटलं नव्हतं. मी ढकलत असताना तू वल्ही उलटी मारत होतास, त्याचं वाटलं होतं.

जागा माझी झाली तरी तिथे कुणाची होडी लागायची ते मी ठरवलेलं आहे. चार जुलैच्या सुटीला ये. गुडघे घेऊनच ये. काउंटीपुढे सुनावणीही व्हायची आहे, तारीख अजून कळलेली नाही, तिथे ती नाही म्हणणारी मंडळी येतीलच. तू येऊन मंडळाविरुद्ध बोललास तरी चालेल, पण जेवायला माझ्याकडे.

लोभ होता तिथेच आहे.

ताई

शुक्रवार सकाळ: पत्र टाकायचं राहिलं होतं. आज आठला लेस्टरबरोबर कचेरीत गेले. खत नोंदलं गेलं. बाईंनी मालक पुन्हा मोजले, शहात्तर भरले. अर्ज त्यांनी ठेवून घेतला. सुनावणी सव्वीस जूनला आहे.