ताईचं माप

८ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला की तू हसतेस, म्हणून नुसता नमस्कार. तू आणि तुझे घड्याळजी बरे असाल. आईचा गुडघा ठीक आहे. बाबांच्या दुकानात नवं शिलाई मशीन आलंय, जुन्यापेक्षा जास्त कुरकुरतं.

वाचनालयातली ती जाडजूड रशियन कादंबरी अखेर संपली. नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे गेलेल्या बाईची. माणसं लोकरीच्या कोटांत फिरतात, पण बोलतात थेट आपल्या गल्लीसारखी. तिचा भाऊही बाहेर तेच करतो, तर त्याच्याकडे सगळे हसतखेळत जेवायला जातात. शेवट सांगत नाही. तो वाचला आणि तुला फोन केला. ‘जेवलीस का’ एवढंच विचारून ठेवला, तोच तो फोन.

माझं लग्न ठरल्याचं आईने कळवलंच असेल. मुलगा चित्रकलेचा शिक्षक आहे, आम्ही त्याला मास्तरच म्हणतो. त्याची आई परवा येऊन म्हणाली, “मोठीला बोलावू नका. आमच्याकडची चार माणसं येणार.” जशी तू माणसांत नाहीस.

ती गेल्यावर काका मला म्हणाले, “तू घरातली पहिली ग्रॅज्युएट. येऊ नकोस, असं तिला न दुखावता लिही.”

हे पत्र त्यासाठी होतं, ताई.

काकांनी बाहेर दुसरं घर केलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते पहिल्या रांगेत बसणार आहेत. मी तसं म्हटलं. काकू खोकल्या.

बाबा कोपऱ्यात लग्नाचं कापड उलगडत होते. तू सासर सोडून घड्याळजींकडे गेल्यापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, हे तुला माहीत आहे. आईचं कापड, माझं, आणि तिसरं एक. काकांनी विचारलं, “हे कुणाचं?”

“थोरलीचं,” बाबा म्हणाले. “जुन्या मापावर मी कापत नाही. तिला यायला सांगा.” आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. आई उठून आत गेली.

संध्याकाळी मी मास्तरला सांगितलं, ताई पहिल्या रांगेत बसणार नसेल तर मीही बोहल्यावर चढणार नाही. “आईला कसं सांगू?” म्हणाला. मी म्हटलं, “तोंडाने.” तो हसला, मग हसायचा थांबला. बुधवारी काय ते सांगतो म्हणाला.

मला तो आवडतो, ताई. हे लिहायचं नव्हतं. तो नाही म्हणाला तर मी रडेन, आणि तू ते स्वतःच्या डोक्यावर घेशील. घेऊ नकोस. ही अट माझी आहे, तू घातलेली नाहीस.

तेव्हा बुधवारची वाट बघू नकोस. त्याआधीच ये. घड्याळजींनाही आण. काका काय म्हणतील ते म्हणोत, दार मी उघडीन.

लग्न झालं तरी, मोडलं तरी,
तुझीच
धाकटी