पडद्यावरचं ‘थांबा’

१९ एप्रिल २००४

लॅबच्या डॉक्टरांना आज स्पष्टच सांगितलं — तुमचा कॉम्प्युटर पेशंटची गुपितं फोडतो. ते हसले. "अहो मॅडम, बाहेरच्या पडद्यावर नाव नाही, गाव नाही. नुसता नंबर, आणि पुढं ‘तयार’ नाहीतर ‘थांबा’. त्यातनं काय फुटणार?"

तेच तर मोजतेय मी! एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी ती पुन्हा करतात. म्हणजे बाकीच्यांचं दुसऱ्या दिवशी ‘तयार’ आणि ह्यांचं ‘थांबा’. नावं झाकलेल्या जुन्या नोंदी त्यांनीच माझ्या कॉम्प्युटरच्या प्रबंधासाठी दिल्या होत्या. नुसतं ‘थांबा’ बघून अंदाज बांधले. दहांत नऊ बरोबर.

"बदलू की, लग्नसराई संपू दे," म्हणाले. हल्ली सोयरीक ठरली की मंडळी आधी रक्त तपासायला पाठवतात. लॅबमध्ये उभं राहायला जागा नाही.

२० एप्रिल

जेवताना प्रसेनजीतला सगळं सांगितलं. धाकटा भाऊ, पण माझ्या कामात रस घेणारा घरात तेवढाच. "म्हंजे ‘थांबा’ दिसलं की गडी गेलाच की, ताई." म्हटलं, जवळजवळ तसंच. फार हुशार वाटले मी मला.

२६ एप्रिल

प्रसेनजीतचं हुपरीच्या प्रीतीशी ठरलं. तिच्या वडिलांनी तपासणीचं काढलं. आई चिडली — आमच्या पोरावर संशय? तो म्हणाला, करतो की, त्यात काय. उद्या त्याच लॅबमध्ये जाणार आहे.

२८ एप्रिल

संध्याकाळी आला तो तडक आतल्या खोलीत. जेवला नाही. मी दाराशी गेले तर म्हणाला, "थांबा म्हणतंय."

अरे, दहांत एक चुकतो, म्हटलं.

"आणि नऊ?"

मग भिंतीकडे बघत म्हणाला, "बेळगावात कामाला हुतो तवा एकदा चुकलोय मी, ताई. आईला सांगू नकोस."

२९ एप्रिल

सकाळी अंथरूण रिकामं. मोटरसायकल नाही. आई म्हणते हुपरीला गेला असेल. फोन केला — तिकडे नाही. मला भीती वाटतेय.

३० एप्रिल

मोटरसायकल पंचगंगेच्या पुलावर मिळाली. पोलीस बाबांना घेऊन गेलेत.

दुपारी लॅबमधून आक्काताईंचा फोन. "परवा तपासणीचं किट संपल्यालं, मॅडम. शेवटच्या सात-आठ जणांचं तसंच ऱ्हायलं. तुमच्या भावाचं आज झालं, निगेटिव्ह हाय. घिऊन जा म्हणावं त्येला."