बॅट टाकून पळायचं

बाई, तुम्ही शाळेत शिकवत नव्हतात, तरी आम्ही सगळे तुम्हाला बाईच म्हणायचो. एकेकाळी राज्याकडून बेसबॉल खेळलेल्या तुम्ही आमच्या वेळी एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होतात. पहिली शिफ्ट संपवून चार वाजता एसटीने आपल्या कापडे गावात उतरायचात आणि घरी न जाता थेट कापणी झालेल्या शेतात यायचात. आम्ही भाताची खुंटं पायाने मोडून मैदान केलेलं असायचं. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. आज सकाळपासून मनात तुमच्याशीच बोलतोय, म्हणून लिहितो.

आम्ही सगळी क्रिकेटची पोरं, बॅट जमिनीवर ठोकत उभी राहणारी. तुम्ही ती खांद्याच्या वर धरायला लावलीत. माझी मूठ काही केल्या सैल होईना, तेव्हा मला चुलीपाशी बोलावून तांदळाची ओली भाकरी हातावर दिलीत. "आवळलीस तर फाटेल, सोडलीस तर पडेल. टाक तव्यावर." मी तीन फाडल्या. चौथी नीट पडली, तेव्हा म्हणालात, "आता हाच हात उद्या शेतात आण. आनि फाटक्या तूच खा."

मारायला मी शिकलो. पण चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पळायचं असतं, ते काही अंगात मुरेना. महाडच्या सामन्यात शेवटच्या डावात चेंडू मस्त बसला आणि मी बॅट घेऊनच धावलो. क्रिकेटमध्ये क्रीजला टेकवतात तशी ती लांब करून बेसला टेकवली; लागायला हवा होता पाय, तो दोन हात मागे. अंपायरने आऊट दिलं. कडेला बसलेला आपला मुलींचा संघ हसला, सगळ्यात मोठ्याने त्यांची चेंडू टाकणारी पिचर, ती पोलादपूरची. मी बॅट भिरकावली. ती तुमच्या नडगीवर बसली.

परतीच्या एसटीत पोलादपूर आलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. मग म्हणालात, "तुझी बॅट पोचली रे बेसवर. तूच नाय पोचलास." पिचर पुन्हा हसली. नंतर हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालात, "टाक म्हटलं होतं, तू फेकलीस. टाकलेली बॅट कोणाला लागत नाय." दुसऱ्या दिवशी माझ्या पायाशी गोणपाट अंथरलंत. रिकामा फटका मारायचा, बॅट गोणपाटावर ठेवायची, पळायचं. मी पळून परत येतो, तुम्ही लंगडत वाकता, बॅट उचलून माझ्या हातात देता. रागाचा एक शब्द नाही. ते अजून दिसतं.

त्याच पिचरपायी मी कॉलेज सोडलं, तुम्ही गेलात त्याच महिन्यात. वर्गातला एकजण तिच्याबद्दल काहीबाही बोलला, मी त्याचं नाक फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफीचा अर्ज दे, मिटवू. मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर आपटून निघालो. ती म्हणाली, "माझ्यासाठी मारलंस म्हणतोस ना, मग माझ्यासाठी चार ओळी लिही." लिहिल्या नाहीत. आता मी एमआयडीसीत कंत्राटी कामाला, ती एका कंपनीच्या लॅबमध्ये. बसथांब्यावर दिसते, "जेवलास का" एवढं विचारते, आणि तेवढ्यावर माझा आठवडा जातो. मागच्या सोमवारी मात्र म्हणाली, "घरी स्थळं बघतायत. मी तुझं नाव सांगेन, पण आधी तू कॉलेजात जा. पुन्हा विचारणार नाय."

चौकशी केली. तो अर्ज दिला तर अजून घेतील. म्हणून आज सुट्टी टाकून बसलो आणि चार ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीत 'पण' आला होता, तो कागद फाडून पुन्हा लिहिलं. उद्या नेऊन देतो.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेल्यावर अंगणात तुमच्यासाठी वंदना ठेवली होती, त्या पुण्यानुमोदनाला मी आलो नाही. आईला ताप आल्याचं सांगितलं होतं, ते खोटं. कॉलेज सोडल्यावर पिचर येऊन माझी समजूत काढेल म्हणून मी दुपारभर महाडच्या स्टँडवर तिची वाट बघत उभा होतो. ती तुमच्या अंगणात आलेल्या माणसांना पाणी देत होती.