लाउंजरचा अर्थ

आबा, मुलुंडच्या चाळीतली तुमची कापडी आरामखुर्ची मला अजून दिसते. गिरणी बंद झाल्यापासून तुम्ही तिच्यातच. आई औषधांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून बाटल्यांना लेबलं लावायची, घरी येऊन स्टोव्ह पेटवायची, तरी तुम्ही गॅलरीत बसलेलेच. मला तुमची लाज वाटायची. नववीत असताना एकदा शेजाऱ्यांसमोर मी म्हणालो, आमचे आबा म्हणजे लाउंजर. शब्द डिक्शनरीत नुकताच सापडला होता. लोळत पडणारा, ऐतखाऊ. तुम्ही मान वर केलीत. "म्हणजे काय रे झिला?" मी चपापलो. म्हणालो, "निवांत बसायच्या खुर्चीला म्हणतात. त्यात बसणाऱ्यालाही." खुर्चीचा अर्थ खरा होता, दुसरा मी गोड करून सांगितला. तुम्हाला तो इतका आवडला की येईल त्याला सांगायचात, आपण आता लाउंजर. शिकलेले हसायचे, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही.

मी अकरावीत असताना तुम्ही त्याच खुर्चीत गेलात. तेराव्यानंतर आईने सांगितलं, आडवं झालं की तुमचा श्वास कोंडायचा, म्हणून झोपसुद्धा खुर्चीतच. पोराला सांगू नको, घाबरेल, अशी तुमची तिला ताकीद होती.

आता मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा आहे. मुलुंडलाच राहतो, चौथ्या मजल्यावर. दोन महिन्यांपूर्वी मला झोपताना दोन उशा लागायला लागल्या, मग तीन. घरी पाठदुखीचं कारण सांगितलं. तर मुलगी मोबाईलवर लाउंजर शोधत बसली. गच्चीतले, पोहण्याच्या तलावाकाठचे, बटण दाबलं की पाय वर करणारे. "बाबा, हा झकास आहे ना?" फोटोतली सगळी माणसं हसत होती आणि मला तुमची खुर्ची दिसत होती. मी खुर्ची नको म्हणून तिच्यावर ओरडलो. तिने बिचारीने मोबाईल बाजूला ठेवला.

काल लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर दम संपला, पायरीवर बसलो. वरून शेजारीण आली, बरं आहे ना, म्हणाली. मी सांगितलं, चप्पल तुटली. ती खाली उतरून गेली आणि जिन्यात मी एकटा उरलो. श्वास घशापर्यंतच येत होता. वाटलं, तुम्हीही लोकांना असंच काहीबाही सांगत बसला असाल. मग मुलीला फोन लावला. "खाली ये गं. पाठ नाही दुखत माझी. श्वास पुरत नाही."

ती अनवाणी धावत आली. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हणून सांगितलं, औषधं सुरू केली. वडिलांना काय होतं, असं विचारलं तेव्हा मी तुमचं सगळं सांगितलं. मुलगी ते पहिल्यांदाच ऐकत होती. तिने माझा हात सोडला नाही.

उद्या सकाळी पुढच्या तपासण्या आहेत. आत ती रिपोर्ट फाइलला लावतेय. हे तिला वाचायला द्यावं म्हणून लिहायला बसलो होतो, पण देणार नाही. आता भीती वाटत नाही, असं मघाशीच तिला सांगून आलोय. वाटते, आबा. खूप वाटते.