हजर, बाई

१४ जुलै २०२५, सोमवार

आदरणीय सिंधूबाई, माझ्यासारख्या मुलीने रोजनिशी लिहायला घ्यावी आणि ती आपण वाचावी अशी अपेक्षाही धरावी, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. परंतु शाळेचा निरोप घेताना आपणच म्हणालात की, करुणा, तू बोलत नाहीस, तर निदान लिही आणि मला पाठव. महिनाभराचे झाले की फोटो काढून एकदम पाठवीन.

आज कॉलेज सुरू झाले. आबा गुऱ्हाळावरून सुट्टी घेऊन राहू गावापासून थेट शिरूरपर्यंत सोबत आले. न्हावऱ्याला एसटी बदलताना गुळाची ढेप त्यांनी लेकरासारखी उराशी धरली होती. खोलीतल्या मुलींना वाटायला आणलेली. वसतिगृहाच्या खिडकीतून घोड नदी दिसते. सोबतीण सायली शिक्रापूरची आहे. गुळाचा खडा गालात धरून तिने विचारले, "बारावीला पहिली आलीस व्हय? मंग माझा बी पेपर तूच लिव्ह." मला येथे आवडेल असे वाटते.

१६ जुलै

भौतिकशास्त्राचा पहिला तास झाला. विभागप्रमुख सर हजेरीपुस्तक उघडत नाहीत. सगळा वर्ग त्यांना तोंडपाठ आहे. माझे नाव येताच शाळेच्या सवयीने मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "हजर, बाई!"

वर्ग हसून लोटपोट झाला. सरही हसले, मग थांबले. ते थांबताच सगळे थांबले. "मी बाई दिसतो का तुला? बस खाली. झेडपीचं पार्सल."

दिवसभर कान तापलेले होते. सायली म्हणाली, मनावर घेऊ नकोस, ते सगळ्यांनाच बोलतात.

२४ जुलै

नुसते बोलतात असे नाही. माझ्या पुढच्या बाकावर आयुष बसतो. वडील कारखान्यात रात्रपाळीला जातात, म्हणून तो घरचे आवरून येतो. आज त्याला फळ्यावर सूत्र सिद्ध करायला सांगितले. त्याला येत होते, परंतु तो मराठीतून सांगू लागला. सरांनी फळा पुसला आणि ते म्हणाले, हा मुलगा या वर्गात नाही. त्याला मागच्या भिंतीशी उभे केले. त्यानंतर येथली जी रीत आहे ती मी प्रथमच पाहिली. सर नाव घेतात आणि डोळ्यांदेखत उभ्या असलेल्या माणसासाठी सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचे: "ॲबसेंट, सर!"

आयुष हात वर करून "प्रेझेंट, सर" म्हणत होता. मुले हसत हसत ओरडत होती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो कधीच वेळेवर फुटत नाही.

३१ जुलै

तो अजून तेथेच आहे. रोज. मी सायलीला विचारले की, आयुषला बसायला कधी सांगतील?

"कोण आयुष गं?"

मी भिंतीकडे बोट दाखवले. तिने नीट पाहिले आणि ती म्हणाली, "लई अभ्यास केला की असंच व्हतं बघ. भिताडाला नाव द्यायला लागलीस."

ती थट्टा करत नव्हती. हजेरी त्याचे नाव न अडखळता ओलांडून जाते. तास सुटल्यावर मी त्याला गुळाचा खडा दिला. त्याची मूठ उघडली नाही. शर्ट चुन्याच्या रंगाचा होत चालला आहे. ओठ तेवढे हलतात.

त्या दिवशी तो शब्द न म्हणालेली मी एकटी आहे. म्हणूनच तो मला दिसतो. मी म्हटले, तर तो कुणालाच दिसणार नाही.

५ ऑगस्ट

सरांच्या ध्यानात आले. "या बाईंचा आवाज मी अजून ऐकला नाही," असे म्हणून त्यांनी आयुषचे नाव घेतले आणि मला एकटीला म्हणायला लावले. इंटर्नलचे गुण त्यांच्या हातात आहेत, याचीही आठवण दिली. आयुष माझ्याकडे पाहत होता.

आवाज कोठून आला, मला माहीत नाही. मी म्हणाले, "आयुष हजर आहे, सर."

सर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे माझे नाव घेतले.

"ॲबसेंट, सर!" सायलीचा आवाज सर्वांत वर होता. आणि मागून, भिंतीकडून, आणखी एक.

आयुषही म्हणाला.

सरांनी त्याला बसायला सांगितले. शेजारच्याने सरकून जागा दिली, जणू एसटी चुकल्यामुळे तो आताच उशिरा आला होता.

८ ऑगस्ट

माझ्या खाटेवर सायलीने कपडे वाळत घातले आहेत. मी हाक मारली की ती खिडकी लावते.

आज सरांनी वर्गातून आबांना फोन लावला, सर्वांना ऐकू जाईल असा. तुमची मुलगी या वर्गात नाही, असे सांगितले. मी भिंतीशी उभी राहून ओरडत होते — आबा, मी येथेच आहे.

"न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "आता तुमी एवढं शिकल्यालं मानूस. तुमी म्हंता म्हंजी न्हाईच की, सर."

फोनवरदेखील त्यांनी टोपी काढून हातात घेतली असेल. ते तसेच करतात.

९ ऑगस्ट

मेसच्या पुतळाबाईंना मी दिसते! सकाळी म्हणाल्या, "अगं वाळलीस किती, बस, गरम भाकर देते." मी रडले. बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. त्या पदराने हात पुसत म्हणाल्या — "व्हय सर... न्हाई सर... अशी कोन पोरगी न्हाई."

भाकर तव्यावर करपली. ताट —

११ ऑगस्ट

फाटकापर्यंत जाते. डेपोच्या गाड्या ऐकू येतात. हजेरी सुरू झाली की पुन्हा भिंत. पाठ गार. बाह्यांवर चुना —

आपल्याला फोन लावला. आपण हॅलो, हॅलो म्हणालात. माझा आवाज पोहोचत नाही. लिहिलेले पोहोचेल काय?

१२ ऑगस्ट

आपण तेवढ्या उरलात. बाई, तुम्हालाही फोन येईल. ते फार आदराने बोलतात. ते सांगतील की, तुमच्या शाळेत, त्या वर्षी अशी मुलगीच नव्हती — तुम्ही हो म्हणू नका. शिकलेला माणूस आहे म्हणून हो म्हणू नका.

त्याआधी एकदा, मोठ्याने, वर्गात घ्यायचात तसे माझे नाव घ्या. मी उभीच आहे. ऐकते आहे.

सर आत आले. खिशातून फोन काढला. नंबर —

बाई, लवकर. नाव घ्या. मी म्हणते. ह—

पाठवले: १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ११ वाजून ०७ मिनिटे