गोष्टीतली आई घरीच थांबते

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय खगोलराव,

आम्ही तिघीही खुशाल आहोत, तुझीही खुशाली कळावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझी खुशाली दर रविवारी फोनवर कळतेच. एकाच वाक्यात कळते, पण कळते.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस, मग ती शांतता भरून काढायला मी बोलत सुटते, आणि ठेवल्यावर लक्षात येतं की मुद्द्याचं राहूनच गेलं. कागद 'हं' म्हणत नाही, म्हणून कागदावर लिहून बघते.

तर बातम्या. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. धाकटीचा पुढचा दात पडला, तो तिने शाळेतल्या बाईंना भेट दिला. चष्म्याच्या दुकानात काचांच्या कडा घासायचं नवीन मशीन आलंय. निम्म्या वेळात काम होतं, म्हणून मालकाने दुप्पट काम लावलंय. काल मी एका आजोबांच्या फ्रेममध्ये दुसऱ्याच कुणाच्या काचा बसवल्या. बिचारे दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "बाई, मला पायऱ्या हलताना दिसतायत." इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. हल्ली माझं लक्ष ठिकाणावर नाही. एक काम हातात घेते, ते तसंच सोडून दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे. हे पत्रसुद्धा मी आतापर्यंत दोनदा उठून परत येऊन लिहितेय.

थोरलीने शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलंय आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात एका मुलीचा बाबा तारे मोजायला जातो आणि हरवतो. मग ती मुलगी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून उडी मारते, ती थेट दुसऱ्या ग्रहावर. तिच्याबरोबर तिचं धाकटं भावंड असतं, त्याला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. वाट दाखवायला एक चक्रम म्हातारी असते. बाबा ज्या ग्रहावर अडकलाय तिथे कुणी भांडत नाही, कुणी रडत नाही. कुणालाही काहीही विचारा, उत्तर एकच, "सगळं ठीक आहे." तिथल्या हवेतच असं काहीतरी आहे म्हणे, जे माणसाकडून ते बोलवून घेतं.

मी काचा पुसत होते, अर्ध्या कानाने ऐकत होते. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, बाबा पण हेच म्हणतो ना, दर रविवारी?"

मी हसण्यावारी नेलं. पण ती हसली नाही. म्हणाली, "मी त्याला विचारलं, माझी आठवण येते का, तर म्हणाला सगळं ठीक आहे. हे उत्तर आहे का?" तू सहा महिन्यांसाठी वेधशाळेवर गेलास, त्यावर दुसरा पावसाळा उलटला. मी पोरींना सांगत आले, की दुर्बिणीचं काम अडलंय, बाबाला तिथून सोडत नाहीत. ती हे सगळं एकाला एक जोडून मोकळी झाली. आपली लेक हुशार आहे, एवढंच आत्ता म्हणते. बाकी काय लिहू?

थंडी असेल तिथे. स्वेटर वापर.

तुझी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

परवाचं पत्र पोस्टात टाकलं नाही. पर्समध्ये घालून दुकानात नेलं, तसंच परत आणलं. त्यालाच जोडून लिहिते.

काल रात्री जेवताना थोरलीने धाकटीला समोर बसवलं आणि हुकूम सोडला, "डोळे मीट. बाबाच्या मनातलं ऐक." पुस्तकात हे काम धाकट्याचं असतं ना, त्यामुळे ती आपोआप नेमली गेली. धाकटीने ताटातले वाटाणे एका बाजूला सारले, डोळे मिटले, नाक वर केलं. मला हसू येत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबाला यायचं नाहीये."

थोरली इतकी भडकली की पाण्याचा तांब्या लवंडला. "तुला नीट ऐकूच येत नाही! तू अजून लहान आहेस! तुला नाही नेणार मी!" धाकटी शांतपणे म्हणाली, "नको नेऊस." आणि वाटाणे खायला लागली. तिला पाच पूर्ण झालीत, आणि ती काय बोलली हे तिचं तिलाही कळलं नसेल. मी पाणी पुसत खाली वाकून राहिले, कारण मला मान वर करवेना.

मग विचारलं, "नेणार म्हणजे? कुठे नेणार होतीस?"

तर ती ताट घेऊन मोरीकडे पळाली.

ते आज सकाळी खालच्या टेलरबाईंकडून कळलं. त्या वर आल्या, गळ्यात ती एका साखळीला लावलेली दोन चष्म्यांची जोडी, आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमची लेक मला घेऊन बापाला सोडवायला चाललीय. शनिवारची बस. मी हो म्हटलंय. आता तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही कशा काय?"

"ती म्हणाली, अशा गोष्टींत एक चक्रम म्हातारी लागतेच आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तुम्हीच आहात. आता इतक्या मानाने कुणी बोलावल्यावर नाही कसं म्हणू?" मग त्या खुर्चीत टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही नको म्हणालात तर नाही नेणार. पण ती एकटी निघेल. तिने मला आतल्या खिशाचं जाकीट शिवायला सांगितलंय. मुलं नुसतं खेळत असली की खिसे आतून मागत नाहीत."

तुला आठवतं का, टेलरबाईंना आपण दोघं मागे किती हसायचो. मी आज त्यांना चहा दिला आणि त्यांच्यासमोर रडले. त्या जाताना नळाला चिंधी बांधून गेल्या.

संध्याकाळी मी थोरलीला जवळ घेतलं. विचारलं, "आणि त्या गोष्टीत आई नसते का? ती का नाही जात बाबाला आणायला?"

"आई कधीच जात नाही. मी अशी तीन पुस्तकं वाचली. आई घरीच थांबते. खिडकीत दिवा लावून बसते, आणि शेवटच्या पानावर दार उघडते."

"एवढ्या जाड पुस्तकात तिला एवढंच काम?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "ती खूप सुंदर असते."

मला हसूही आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला. म्हणजे बाबाने हरवायचं, पोरीने ग्रह पालथे घालायचे, आणि आईने सुंदर दिसत तेल घालत बसायचं! तिच्या पुस्तकात एकही आई उठून म्हणत नाही, की अहो, मला माहीत आहे हा माणूस कुठे आहे, बसने एका दिवसावर आहे, त्याला कुणीही बांधून ठेवलेलं नाही.

हो. मला माहीत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी तुमच्या वेधशाळेच्या ऑफिसात फोन केला होता. तुझ्या तक्रारीसाठी नाही, धाकटीच्या शाळेला तुझा तिथला पत्ता हवा होता म्हणून. फोनवर एक बाई होत्या, बोलक्या. मी सहज म्हटलं, "आता सोडा की हो आमच्या माणसाला." त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे धरलंय? त्यांचं काम तर केव्हाच संपलं. साहेब म्हणाले घरी जा, तर त्यांनीच सांगितलं मी अजून राहतो. दोनदा सांगितलं." मग मी लाजलज्जा सोडून विचारलं, की तिथे दुसरी कुणी आहे का. त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, इथे आम्ही चौघं, आणि त्यातला एक कुत्रा."

दुसरी कुणी असती तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला वाटलं. निदान भांडायला कुणी तरी मिळालं असतं. तुला तिथे आमच्यापेक्षा आवडतं असं काय आहे? डोंगर, थंडी आणि दुर्बिणीचे आरसे पुसायचं फडकं! त्यानंतरचा रविवार आला, तू म्हणालास सगळं ठीक आहे, मी म्हणाले इकडेही. मी तुला विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग ते घेऊन मला इथे राहावं लागलं असतं.

आता काय करू? तिला अडवलं, तर तिचा बाबा जन्मभर कैदेत. पाठवलं, तर ती तुझ्या दारात उभी राहील, आणि तिथे कुलूप नसेल, पहारा नसेल, चहाचा कप हातात घेतलेला तू असशील. तिला वाटतंय की बाबाला सोडवायला शूर असावं लागतं. सुटायचंच नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे तिच्या एकाही पुस्तकात नाही. मी पाहिलं, तिन्ही चाळून पाहिली.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ

थोरली येतेय. टेलरबाई सोबत आहेत. बस उद्या सकाळी निघते, रात्री खालच्या गावात टेलरबाईंच्या भाचीकडे मुक्काम, आणि रविवारी सकाळी तुझ्याकडे.

म्हणजे हे पत्र पोस्टातून येणार नाही. तिच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून येईल. तिला सांगितलंय, हे आईबाबांचं आहे, उघडायचं नाही, भेटल्यावर सगळ्यात आधी हातात द्यायचं आणि बाबा वाचून होईपर्यंत थांबायचं. ती वाचणार नाही. शब्दाची पक्की आहे. ते कुणावर गेलंय, या वादात आज पडत नाही.

मी स्वतः यायचं म्हणून काल बॅग काढली होती. कपडे भरले, काढले, परत भरले. धाकटी बॅगेत बसून सगळं बघत होती. शेवटी बॅग माळ्यावर टाकली. भीती वाटली म्हणून नाही. भीती तर वाटतेच, आज दुकानात मी लागोपाठ दोन काचा फोडल्या, तेव्हा मालकाने मला मशीनवरून उठवून पावत्या फाडायला बसवलं. मी येत नाही, कारण मी आले तर आपलं नेहमीचंच होईल. ती तुला काही विचारेल, तू माझ्याकडे बघशील, आणि मी उत्तर देईन. बाबा दमलाय. बाबाला काम आहे. बाबाला म्हणायचंय की. लग्न झाल्यापासून मी तुझ्या वतीने बोलतेय, तुझ्या आईशी, तुझ्या मित्रांशी, आणि आता तुझ्याच पोरींशी. तू गप्प राहायचास आणि लोक म्हणायचे, किती शांत माणूस! त्या शांततेचं सगळं काम माझ्याकडे होतं. ते मी आज सोडलं.

तर आता तिला तूच सांग. यायचं असेल तर तिच्याबरोबर ये, तिला वाटू दे तिने तुला सोडवलं. ते खोटंही नसेल. यायचं नसेल तर तसं तिला तोंडावर सांग, की मला इथे राहायचंय, मी स्वतःच ठरवलंय, मला कुणी अडकवलेलं नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही. हे शेवटचं विसरू नकोस. ती तुझ्यावर चिडेल, रडेल, टेलरबाई तिला घेऊन परत येतील आणि मी तिला सावरेन. ते मला जमेल. पण काम आहे, साहेब सोडत नाहीत, पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणून वेळ मारून नेऊ नकोस. तसं केलंस तर ती परत येईल, अजून एक पुस्तक आणेल आणि पुन्हा निघेल. तिचं अख्खं लहानपण तुझ्या दारात ये-जा करण्यात जाईल, आणि ते मी होऊ देणार नाही.

मला तू हवा आहेस. हे मी कधी सरळ म्हटलं नाही, कारण सरळ म्हणायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. मला तू या घरात हवा आहेस, चिडका, कंटाळलेला, डोकं दुखतंय म्हणणारा, कसाही. पण खिडकीत बसायला मला वेळ नाही. सोमवारी सकाळी दुकान आहे.

आता उठते. धाकटीने टेलरबाईंचं मोजपट्टीचं भेंडोळं उलगडून सगळ्या घरात पसरलंय, आणि थोरली तिसऱ्यांदा विचारतेय की डोंगरावर किती गार असतं. ते तुलाच माहीत.

पत्र इथे संपलं. ती तुझ्यासमोर उभी असेल, तुझ्या तोंडाकडे बघत. आता मान वर कर आणि तिच्याशी बोल.

तुझी, अजून,
पोरींची आई